कोणाचे पाप, की कोणाची भिंत?

अभ्यासपाठ. शास्त्रभाग : लूक १३:१–५, अनुवाद २२:८, प्रेषितांची कृत्ये १६:२५–३४.

भूमी हालली, घरे पडली, माणसे दगावली, असे वर्तमान कानी आले की आमच्या खेड्यापाड्यांतून पहिला प्रश्न निघतो तो हा, "तेथील लोकांनी असे काय बरे केले असेल?" पारावर हा प्रश्न निघतो, पाणवठ्यावर निघतो, आणि सांगावयास खेद वाटतो की उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायरीवरही निघतो. कोणी म्हणतो, देवाचा कोप झाला. कोणी म्हणतो, त्या गावात पाप फार माजले होते. आणि एखादा बंधू हळूच असेही म्हणतो की, "आम्ही प्रार्थना करणारे लोक, म्हणून वाचलो." हे तिसरे बोलणे सर्वांत गोड वाटते, आणि आमच्या मते सर्वांत धोक्याचे तेच होय.

हाच प्रश्न आपल्या प्रभूपुढे आला होता. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात दोन दुर्घटनांचा उल्लेख आहे. पहिलीत पिलाताने काही गालीली लोकांना ठार मारिले. दुसरीत शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. हे मेलेले लोक इतरांहून अधिक दोषी होते असे तुम्हांस वाटते काय, असे प्रभूने विचारिले, आणि 'तसे नाही' असे उत्तरही स्वतःच दिले. पुढे त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करण्यास सांगितले. मेलेल्यांचा हिशेब त्याने मांडू दिला नाही. जिवंतांना मात्र आपला हिशेब पाहावयास लाविले. ह्या पाठात आम्हांला हेच शिकावयाचे आहे.

ह्यासाठी आम्ही एका शहराचा वृत्तांत घेतो. ते शहर आपल्यापासून फार दूर, न्यूझीलंड देशाच्या दक्षिण बेटावर आहे. त्याचे नाव क्राइस्टचर्च. इंग्लंडातील ख्रिस्ती मंडळीच्या लोकांनी १८५० साली ही वसाहत स्थापिली, आणि ऑक्सफर्ड येथील एका विद्यालयाच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. नावातच ख्रिस्ताचे नाव आणि मंडळीचे नाव! देवभीरू लोकांनी वसविलेल्या गावावर संकट येत नाही अशी ज्याची समजूत असेल, त्याने ह्या शहराची हकिकत अवश्य वाचावी. हे शहर निवडण्याचे आणखी एक कारण आहे. कोणती इमारत का पडली आणि कोण कोठे मेले, ह्याची तेथे सरकारी आयोगाने कसून चौकशी केली व ती लेखी ठेविली. शोक करून विसरून जाणारे पुष्कळ असतात. शोक करून चौकशी करणारे थोडेच.

पहिला इशारा

२०१० सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस, शनिवारी पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी, शहराच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता ७.१ होती. शहरातील जुन्या विटांच्या इमारतींच्या दर्शनी भिंती, धुराडी व माथ्यावरचे कठडे रस्त्यांवर कोसळले. परंतु ती वेळ पहाटेची होती. रस्ते रिकामे होते, दुकाने बंद होती, लोक अंथरुणात होते. त्या भूकंपात एकही मनुष्य भिंतीखाली सापडून मेला नाही. सर्व शहराने देवाचे आभार मानिले, आणि ते योग्यच होते.

पण वाचकहो, येथे थोडे थांबू या. विटा पडावयाच्या त्या पडल्याच होत्या. ज्या पदपथावर त्या पडल्या त्यावर दुपारी शेकडो माणसे चालतात. म्हणजे त्या पहाटेने शहराला एक धडा जणू फळ्यावर लिहून दाखविला होता : ही भिंत पडते, ती येथे पडते, आणि येथे माणूस असता तर मेला असता. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, आणखी एक धक्का शहराच्या अगदी जवळ बसला, आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या जुन्या भिंती अधिकच सैल झाल्या.

त्या दिवसांत इमारती तपासून त्यांवर तीन रंगांच्या चिठ्ठ्या लावीत. तांबडी म्हणजे आत जाऊ नये. पिवळी म्हणजे मर्यादित प्रवेश. हिरवी म्हणजे वरवर पाहता तूर्त धोका दिसला नाही. ही तपासणी घाईची व बाहेरून केलेली असे. परंतु हिरवी चिठ्ठी पाहिली की लोक समजत, इमारत सुरक्षित आहे. 'धोका दिसला नाही' आणि 'धोका नाही' ह्या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे पुढे कळावयाचे होते.

दुपारचा प्रहर

२०११ सालच्या फेब्रुवारीच्या २२ तारखेस, मंगळवारी, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी भूमी पुन्हा हालली. ह्या भूकंपाची तीव्रता पहिल्याहून कमी, सुमारे ६.३ होती. मग नाश अधिक का झाला? वेशीबाहेर वाजणारा मोठा नगारा आणि कानाशी वाजणारा लहान डफ ह्यांची तुलना करा, म्हणजे उलगडा होईल. हा भूकंप शहराच्या मध्यापासून सुमारे १० किलोमीटरांवर, लिटलटन बंदराजवळ झाला, आणि जमिनीखाली केवळ ५ किलोमीटर खोलीवर झाला. शिवाय ती वेळ जेवणाच्या सुटीची होती. रस्ते माणसांनी भरलेले होते.

त्या दिवशीच्या भूकंपात १८५ माणसे प्राणास मुकली. त्यांतील ११५ एका सहा मजली इमारतीत मेली. ती इमारत फार जुनी नव्हती. १९८६ सालच्या सुमारास उभारलेली होती. तीत एक दूरचित्रवाणीची कचेरी होती, दवाखाना होता, आणि परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणारी शाळा होती. जपान, चीन, फिलिपाइन्स अशा देशांतून शिकावयास आलेली तरुण मुले-मुली तेथे गेली. सप्टेंबरच्या भूकंपानंतर त्या इमारतीवर हिरवी चिठ्ठी लागली होती. पुढे आयोगास असे आढळले की तिचा आराखडाच सदोष होता, आणि त्यास परवानगी मिळावयास नको होती. भूकंपाने तो दोष निर्माण केला नाही. केवळ उघडकीस आणिला.

दुसरी ४२ माणसे लोखंडाचा आधार नसलेल्या जुन्या विटा-दगडांच्या भिंतींमुळे मेली. ह्या भिंती जाड होत्या, दिसावयास भक्कम होत्या. पण त्यांत लोखंड नव्हते, आणि छपराशी व मजल्याशी त्या नीट जखडलेल्या नव्हत्या. धक्का बसताच त्या बाहेरच्या बाजूस, रस्त्यावर कोसळल्या. ह्या ४२ मधील पुष्कळजण त्या इमारतींच्या आत नव्हतेच. कोणी पदपथावरून चालले होते, कोणी मोटारीत होते. कोलंबो स्ट्रीट नावाच्या मुख्य रस्त्यावर दर्शनी भिंती कोसळून बसगाड्या चिरडल्या. एका बसमधून एकच बाई जिवंत निघाली. त्या उतारूंनी कोणते पाप केले होते? ते तिकीट काढून बसमध्ये बसले होते, इतकेच.

आता आपल्याच घराकडे वळू. त्या शहरात मेथडिस्ट मंडळीचे १८६४ साली बांधलेले एक दगडी मंदिर होते. सप्टेंबरच्या भूकंपात त्यास इजा झाली होती. तेथील ऑर्गन वाद्य वाचवावे म्हणून कारागीर ते उलगडून काढीत होते. २२ फेब्रुवारीस त्याच कामावर असताना मंदिर कोसळले आणि तीन माणसे मेली. शहराच्या मध्यभागी अँग्लिकन मंडळीचे मुख्य मंदिर होते. त्याचा उंच मनोराही त्याच क्षणी चौकात पडला. त्याखाली वीस-बावीस माणसे सापडली असावीत अशी भीती होती. पण ढिगारा उपसल्यावर एकही देह मिळाला नाही. एका मंदिरात तीन मेले, दुसऱ्यात कोणी मेले नाही. मेथडिस्टांचा विश्वास कमी आणि अँग्लिकनांचा अधिक, असे कोणी म्हणेल काय? असे बोलणारा मनुष्य ईयोबाच्या मित्रांच्या ओळीत जाऊन बसतो. ईयोबाची लेकरेही घर अंगावर पडूनच मेली होती. पाप केल्यावाचून असे होत नाही, असे त्या मित्रांनी फार शहाणपणाने सिद्ध केले. आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर नव्हे, तर त्या मित्रांवर झाला.

नियमशास्त्रातील कठडा

मग देवाचे वचन अशा प्रसंगी काय शिकविते? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे, जी आम्ही वाचून पुढे जातो. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. तो न केल्याने वरून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा भावार्थ आहे. पाहा, मनुष्य पडला तर त्याचे नशीब, असे देव म्हणत नाही. पडणाऱ्याच्या पापाची चौकशीही करीत नाही. तो घरधन्यास विचारितो, "कठडा कोठे आहे?"

क्राइस्टचर्चच्या रस्त्यांवर जे पडले त्यांत इमारतींच्या माथ्यावरचे कठडेही होते. माणसाला पडण्यापासून वाचविणारी वस्तूच माणसावर पडली. आज्ञेची अक्षरे तेथे होती. आज्ञेचा हेतू सुटला होता. कठडा बांधिला, पण तो धरून राहील काय हे कोणी पाहिले नाही. आणि सप्टेंबरात तो हालला हे ज्यांनी पाहिले, त्यांतील कित्येकांनी 'पुढे पाहू' असे म्हटले. दुरुस्तीस पैसा लागतो, परवानगी लागते, वेळ लागतो. ह्या अडचणी खऱ्याच होत्या. म्हणून आम्ही त्या लोकांना दोष देण्यास बसलो नाही. आम्ही त्यांच्या जागी असतो तर वेगळे केले असते असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? परंतु भूमी हालणे मनुष्याच्या हाती नाही, आणि भिंत मनुष्याच्या हाती आहे, इतके तरी आम्ही समजून घ्यावे. जे आपल्या हाती आहे ते देवाच्या इच्छेवर ढकलणे ही भक्ती नव्हे. तो आळस होय.

हिरव्या चिठ्ठीचाही बोध असाच आहे. मंडळीच्या पटावर नाव आहे, बाप्तिस्मा झाला आहे, वर्गणी भरली आहे, एवढ्यावर आम्ही आपल्या मनास हिरवी चिठ्ठी लावून घेतो. बाहेरून पाहणाऱ्यास धोका दिसत नाही. आतला आराखडा कसा आहे, हे ज्याचे त्याने देवापुढे पाहावे. प्रभूने बुरुजाची गोष्ट सांगून पश्चात्तापाकडे बोट दाखविले ते ह्यासाठीच.

भूकंपानंतरचे दिवस

नदीच्या ओल्या वाळूत उभे राहून पाय थरथरविले तर वाळू पातळ होते, पाणी वर येते आणि पाय रुततो. क्राइस्टचर्चचा पुष्कळ भाग अशाच मऊ, पाणथळ भूमीवर वसला आहे. धक्क्यासरशी जमिनीतून राखी रंगाचा गाळ उफाळून रस्त्यांवर, अंगणांत व घरांत पसरला. रस्ते वाकडेतिकडे झाले, मोटारी खड्ड्यांत गेल्या, पाण्याचे व मैल्याचे नळ फुटले. तेव्हा त्या शहरातील विद्यार्थी फावडी व हातगाड्या घेऊन हजारोंच्या संख्येने बाहेर पडले. ज्यांना ते ओळखतही नव्हते त्यांच्या दारातला चिखल त्यांनी उपसला. कोणाच्या दारी चिखल का आला, हे त्यांनी विचारिले नाही.

येथे फिलिप्पै येथील तुरुंगाची आठवण होते. तेथेही मध्यरात्री भूकंप झाला, पाया हालला, दारे उघडली. पौल व सीला ह्यांनी पहिले काम कोणते केले? जीव द्यावयास निघालेल्या बंदिशाळेच्या नायकास त्यांनी हाक मारून थांबविले. मग त्याला तारणाची वार्ता सांगितली. त्याच घटकेस त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, आणि त्याने व त्याच्या घरच्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर सर्वांना जेवू घातले. जीव वाचविणे, वचन सांगणे, जखम धुणे, अन्न देणे, हे सर्व एकाच रात्रीत झाले. आपत्तीच्या वेळी ह्यांतील एकच काम करून दुसरे टाकणारी मंडळी अर्धेच शुभवर्तमान सांगते.

क्राइस्टचर्चचे पुढचे दिवस सोपे नव्हते. शहराच्या मध्यभागाभोवती पहाऱ्याचे कुंपण पडले. ते पूर्णपणे निघावयास २०१३ सालचा जून उजाडला. मध्यभागातील हजाराहून अधिक इमारती पाडाव्या लागल्या. जेथील जमीन राहण्यायोग्य उरली नाही अशा भागांतील सुमारे ८,००० घरांच्या मालकांना आपली वस्ती सोडावी लागली. २०१३ सालीच, जपानी वास्तुशिल्पकार शिगेरू बान ह्यांच्या आराखड्यावरून, पुठ्ठ्याच्या मोठ्या नळ्या, लाकूड व लोखंड ह्यांचे एक तात्पुरते मंदिर उभारण्यात आले. त्यात सुमारे ७०० माणसे बसतात. पुठ्ठ्याच्या घरात उपासना! पण उपासना थांबली नाही. जुन्या दगडी मंदिराविषयी मात्र वर्षानुवर्षे वाद चालला. ते पाडावे की पूर्ववत करावे? २०१७ साली मंडळीच्या सभेने ते पूर्ववत करण्याचे ठरविले. काम सुरू झाले. आणि २०२४ साली पैशाच्या अभावी ते थांबविण्यात आले. दगड पडावयास काही क्षण लागले. तो पुन्हा रचण्यास मनुष्याला तप पुरले नाही.

आणखी एक फळ निघाले. त्या बसमधून जिवंत निघालेल्या बाईने आपले दुःख स्वतःपुरते ठेविले नाही. रस्त्यांवर पडू शकणाऱ्या भिंती व कठडे आधी बळकट करावे म्हणून तिने नेटाने मागणी केली, आणि २०१६ साली न्यूझीलंडच्या कायद्यात तशी सुधारणा झाली. वाचलेल्या मनुष्याने 'मी का वाचलो' ह्याचे उत्तर गर्वाने द्यावयाचे नसते. ते असे कामाने द्यावयाचे असते.

आपल्या गावाकडे

हे सर्व दूर देशीचे आहे असे म्हणून कोणी पाठ मिटू नये. १९६७ सालच्या ११ डिसेंबरला कोयना येथे भूकंप झाला. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली. हजारो माणसे झोपेतच गेली. मृतांचा आकडा ८,००० च्या आसपास धरितात, कोणी त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. तेथेही मारिले ते भिंतींनी व माळवदांनी. दोन फुटांहून जाड दगडी भिंती चिखलात रचलेल्या होत्या. आतले व बाहेरचे दगड एकमेकांस धरून नव्हते. आणि वर मातीचे जड छत होते. हलक्या छपराच्या झोपड्यांत हानी त्या मानाने फार थोडी झाली. जो वाडा पाहून गावाने मान लवविली तोच आधी बसला, आणि जी झोपडी पाहून नाक मुरडले ती उभी राहिली.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती अशी. पावसाळा सरला की पंचमंडळींस बरोबर घेऊन आपल्या मंदिराला व शाळेला एक प्रदक्षिणा घाला. भिंतीला पोट आले आहे काय? कोपऱ्यांत उभी चीर गेली आहे काय? दारावरची किंवा घंटेखालची भिंत नुसत्या चिखलावर उभी आहे काय? छपरावर वर्षानुवर्षे माती चढत गेली आहे काय? शब्बाथशाळेची मुले कोणत्या भिंतीशी बसतात? शंका आली तर जाणत्या अभियंत्यास दाखवा. भिंत आरपार धरणारे लांब दगड, कोपऱ्यांची बांधणी, आणि सर्व भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा, ह्या गोष्टींनी साधी इमारतही पुष्कळ तगते. पैसा नसेल तर भिंत दुरुस्त होईपर्यंत झाडाखाली उपासना भरवा; प्रभूला ती कमी प्रिय होणार नाही. धक्का बसून गेल्यावर मात्र पेटीसाठी, घंटेसाठी किंवा पुस्तकांसाठी कोणास आत धाडू नका. वस्तू पुन्हा मिळते.

आणि शेजारच्या गावावर आपत्ती आली, मग ते कोणत्याही धर्माचे, कोणत्याही जातीचे असो, तर बोट घेऊन जाऊ नका. फावडे घेऊन जा.

चर्चेसाठी प्रश्न

१. बुरुजाखाली मेलेल्यांविषयी प्रभूने काय नाकारिले, आणि ऐकणाऱ्यांस काय सांगितले?
२. सप्टेंबरच्या पहाटेने क्राइस्टचर्च शहरास कोणता इशारा दिला होता? आपल्या गावास असा कोणता इशारा मिळून गेला आहे?
३. कठड्याची आज्ञा आज आपल्या घरास, विहिरीस व मंदिरास कशी लागू पडते?
४. 'देवाची इच्छा' असे म्हणून आपण कोणते आपले काम टाळीत आहो?
५. फिलिप्पै येथे भूकंपानंतर कोणकोणती कामे झाली? त्यांतील कोणते आपल्या मंडळीत कमी पडते?

प्रार्थनेचा विषय : भूकंपाने ज्यांची घरे व माणसे गेली त्या सर्वांसाठी, आणि आम्हांला इशारा कळावा, व कळल्यावर उठण्याची बुद्धी व्हावी, ह्यासाठी.